गृहपाठाची चार वाद्यं

मॉरिस राव्हेलच्या स्ट्रिंग क्वार्टेटचा पहिला जाहीर कार्यक्रम 5 मार्च 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. आज ही रचना दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो घेऊन बसणाऱ्या बहुतेक प्रत्येक नामांकित संचाला पाठ असते. पण तिचा पहिला भाग राव्हेलनं जानेवारी 1903 मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीच्या रचना-पारितोषिकासाठी दिला, तेव्हा परीक्षकांनी त्याला काहीही दिलं नाही. राव्हेलचा त्या संस्थेशी विद्यार्थी म्हणून असलेला संबंध तिथेच संपला. ही हकिकत बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते: इकडे प्रतिभावंत विद्यार्थी, तिकडे झापडं लावलेले परीक्षक, आणि शेवटी काळानं केलेला न्याय. ऐकायला ती बरी वाटते, पण तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. हे क्वार्टेट शाळेला न जुमानता लिहिलेलं नव्हतं. ते वर्गात बसून, वर्गासाठी, वर्गातल्या शिक्षकाच्या नजरेखाली लिहिलं गेलं, आणि त्याच शिक्षकाला अर्पण केलं गेलं. युरोपात गेली सव्वादोनशे-अडीचशे वर्षं संगीतरचनेचे विद्यार्थी अशा चार-पाच वाद्यांसाठी गृहपाठ लिहीत आले आहेत. त्या गृहपाठाकडे खऱ्या संगीताची रंगीत तालीम म्हणून पाहणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. चेंबर म्युझिक हा मोजक्या वाद्यांचा प्रकार आणि रचनेचा वर्ग, दोन्ही एकमेकांच्या आधारानं वाढले. सुचणं वर्गात शिकवता येत नाही, हे खरंच. पण सुचलेल्यातलं काय उभं राहतं आणि काय पडतं हे स्वतःच्या कानानं ओळखणं शिकवता येतं, आणि ते शिकवायला चार वाद्यांइतकं निष्ठुर साधन युरोपीय संगीताला दुसरं सापडलं नाही.

याची सुरुवात व्हिएन्नात होते, आणि तीही एका क्रमिक पुस्तकानं. योहान योसेफ फुक्सनं 1725 मध्ये लॅटिनमध्ये ‘ग्रादुस आद पार्नासुम’ छापलं. ते गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. दिलेल्या एका संथ सुरावटीवर शिष्यानं दुसरी सुरावट रचायची: आधी स्वरामागे एक स्वर, मग एकामागे दोन, मग चार, मग स्वर लांबवून पुढच्या मात्रेत ओढलेले, आणि अखेरीस या सगळ्यांचं मिश्रण. दोन आवाज जमले की तीन, तीन जमले की चार. हायडनला तरुणपणी नियमित शिक्षक परवडत नव्हता, तेव्हा त्यानं हेच पुस्तक घासून काढलं. पुढे स्ट्रिंग क्वार्टेटला ज्यानं घडवलं त्या माणसाच्या हाताला हे वळण पुस्तकातल्या मास्तरानं लावलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. हायडनच्या क्वार्टेट्सवरून मोत्झार्ट शिकला. 1785 मध्ये छापलेली आपली सहा क्वार्टेट्स त्यानं हायडनला अर्पण केली आणि अर्पणपत्रिकेत ती दीर्घ, कष्टाच्या मेहनतीचं फळ असल्याचं नमूद केलं. मोत्झार्टकडे सगळं आपोआप वाहत येत असे, असं मानणाऱ्यांनी ती पत्रिका जरूर वाचावी. त्याच वर्षी टॉमस ॲटवूड नावाचा विशीतला इंग्रज तरुण त्याच्याकडे शिकायला आला आणि 1787 पर्यंत राहिला. ॲटवूडच्या वह्या टिकल्या आहेत. त्यांत हार्मनीचे पाठ आहेत, फुक्सच्या पद्धतीचे काउंटरपॉइंटचे, म्हणजे सुरावटीवर सुरावट रचण्याचे, पाठ आहेत, आणि त्यानंतर मुक्त रचनेचे प्रयत्न आहेत, ज्यांत तंतुवाद्यांसाठी लिहिलेले मिन्युएट येतात. जागोजागी मोत्झार्टच्या हातची खाडाखोड आहे. कुठे त्यानं ओळ बदलली आहे, कुठे सगळाच भाग स्वतः नव्यानं लिहून दाखवला आहे, आणि एके ठिकाणी वैतागून, शिष्याला समजावं म्हणून इंग्रजीत, त्याला गाढव म्हटलं आहे. हा ॲटवूड पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा ऑर्गनवादक झाला. थोर संगीतकार मात्र झाला नाही.

बीथोव्हनचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तो कुणाचं ऐकणारा नव्हता असा त्याचा लौकिक. नोव्हेंबर 1792 मध्ये तो व्हिएन्नात आला आणि सव्वा वर्ष हायडनकडे, मग अल्ब्रेख्ट्सबर्गरकडे काउंटरपॉइंट शिकला. हायडनकडच्या काळातले सुमारे 245 पाठ उपलब्ध आहेत. त्यांतल्या बेचाळीसेक पाठांवरच हायडनच्या दुरुस्त्या दिसतात, आणि यावरून हायडन निष्काळजी होता असा निष्कर्ष काढायची रीत आहे. असेलही. साठीचा, लंडनच्या दौऱ्यांच्या धांदलीतला माणूस एका उद्धट पोराच्या वह्या किती तपासणार! पण बीथोव्हनचं खरं शिक्षण या वह्यांच्या शेजारी चाललं होतं. हायडनच्या ओपस 20 मधलं एक क्वार्टेट त्यानं पानन् पान उतरवून काढलं, मोत्झार्टच्याही क्वार्टेटचे भाग उतरवले. छापील प्रती पैसे टाकून मिळत होत्या, तरी उतरवले. स्वतःची पहिली सहा क्वार्टेट्स लिहिण्याची हिंमत त्याला 1798 पर्यंत झाली नाही. त्यांतलं एक त्यानं 1799 मध्ये कार्ल आमेंडा या मित्राला हस्तलिखितात भेट दिलं आणि दोनच वर्षांनी पत्र पाठवून कळवलं की ते कुणाला दाखवू नकोस, क्वार्टेट नीट कसं लिहायचं हे मला आता कुठे कळलं आहे. दोन्ही पाठ उपलब्ध असल्यानं नेमकं काय कळलं तेही पाहता येतं. मूळ कल्पना जवळपास तशाच आहेत. बदललं आहे ते त्यांचं वाटप: कोणती ओळ कुणाकडे, कुठे गप्प बसायचं, कुठे गर्दी कमी करायची. नामांकित पियानोवादक आणि छापलेला संगीतकार असताना तिशीत केलेली ही दुरुस्ती आहे, आणि तिची जात वर्गातल्या दुरुस्तीचीच आहे.

आता प्रश्न असा की या शिक्षणासाठी चारच वाद्यं का? पियानो घरोघर होता, गाणी लिहिणं सोपं होतं, आणि ऑर्केस्ट्राचं आकर्षण तर प्रत्येक विद्यार्थ्याला असतंच. याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. चार वादक शाळेतच मिळतात. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाजवून ऐकता येतं. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली चूक वर्षानुवर्षं कागदावर झाकून राहू शकते, आणि वाजवली गेली तरी पन्नास-साठ वाद्यांच्या आवाजात बुडून जाते. पियानोवर पायाखालचं पेडल दाबलं की पुष्कळ काही सांधलं जातं. तंतुवाद्यांच्या संचाला असं पेडल नाही. तिथे चारही वाद्यांचा रंग एकसारखा, त्यामुळे नुसत्या रंगावर वेळ मारून नेता येत नाही. प्रत्येक ओळ एकच माणूस वाजवतो, त्यामुळे चुकीचा स्वर झाकायला शेजारी कुणी नाही. वर्गात पहिल्या महिन्यात सांगितला जाणारा एक नियम यामुळेच अर्थपूर्ण होतो. दोन आवाजांनी एकमेकांपासून षड्ज-पंचमाचं अंतर राखून एकाच दिशेनं सरकायचं नाही. कागदावर हा निव्वळ सोवळेपणा वाटतो. पण चार जण वाजवायला बसले की कानाला कळतं, तसं सरकणारे दोन आवाज एकमेकांत विरघळतात आणि चौघांचे तीनच उरतात. ज्या शैलीचा सगळा जीव चार जणांच्या वेगळेपणात आहे, तिथे हा तोटा मोठा.

विद्यार्थ्याचं काम कसं चालतं, हेही या संदर्भात पाहण्यासारखं आहे. तो सहसा वरची सुरावट आणि खालचा चेलोचा स्वर आधी लिहितो, कारण कान पहिल्यांदा तिकडेच जातो. मधली दुसऱ्या व्हायोलिनची आणि व्हियोलाची जागा मागाहून भरली जाते, आणि ती भरताना बहुतेकांची फजिती होते. कॉर्ड पुरी करायला जो स्वर कमी पडतो तो व्हियोलाला द्यायचा, असा आळशी मार्ग सगळेच धरतात. मग सुट्या प्रती करण्याची वेळ येते. झेरॉक्सपूर्वीच्या काळात विद्यार्थ्याला चारही वादकांच्या प्रती स्वतः हातानं उतरवाव्या लागत. व्हियोलाची ओळ एकटी, वेगळ्या कागदावर, तिच्या वेगळ्या क्लेफमध्ये उतरवताना ती किती भिकार आहे हे लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा दिसतं: एकाच स्वरावर बारा मात्रा, मग एक उगाचची उडी, मग पुन्हा तेच. उतरवणं ही हमाली होती खरी, पण तिच्याइतका कडक परीक्षक कुठल्या शाळेनं नेमला नसेल. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधले शिक्षक चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी रिबेका क्लार्क या आपल्या विद्यार्थिनीला व्हायोलिन सोडून व्हियोला घ्यायला लावली. मधोमध बसलं की संगीत कसं बनतं ते आतून कळतं, हे त्यांचं कारण. स्टॅनफर्ड यांच्याकडे रचना शिकणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी ती एक होती. 1919 मध्ये तिच्या व्हियोला सोनाटानं अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत अर्नेस्ट ब्लॉखच्या रचनेशी बरोबरी केली.

मधल्या आवाजांच्या या विद्येचा आपल्याकडे आलेला एक प्रवाह मराठी वाचकाला वेगळ्या वाटेनं परिचित आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून निघालेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोचले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशनसाठी काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा यांनी दुसऱ्याच्या चालीखाली व्हायोलिनचे आणि चेलोचे थर लिहिले. श्रोत्यांनी चाल गुणगुणली, मधले आवाज कुणी गुणगुणले नाहीत. पण ते काढून घेतले तर त्या गाण्यांचं काय उरेल, याचा विचार करून पाहावा.

वर्गाच्या बाजूनं केलेल्या या मांडणीवर इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो एका विद्यार्थ्यानंच नोंदवला आहे. मेंडेल्सझोननं 1843 मध्ये लाइपझिगची कॉन्झर्व्हेटरी स्थापन केली आणि थोड्याच वर्षांत युरोपभरातून तिथे मुलं येऊ लागली. 1858 मध्ये नॉर्वेहून पंधरा वर्षांचा एडवर्ड ग्रीग आला. कार्ल रायनेके या शिक्षकांनी त्याला स्ट्रिंग क्वार्टेट लिहायला सांगितलं. ग्रीगनं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणीत याची भरपूर टिंगल आहे: ना कुणी रचनेचा आराखडा समजावला होता, ना तंतुवाद्यांचं तंत्र, आणि हुकूम काय, तर क्वार्टेट लिही. तो मोत्झार्ट आणि बीथोव्हनची क्वार्टेट्स घेऊन बसला आणि कसंबसं लिहून मोकळा झाला. ते क्वार्टेट आज उपलब्ध नाही. त्याच शाळेत 1877 मध्ये गेलेली एथेल स्मिथ तर वर्षभरातच कंटाळून बाहेर पडली आणि हर्झोगेनबर्ग यांच्याकडे खासगीत शिकली. तेव्हा वर्गानं घडवलं या म्हणण्यात काय अर्थ, असं कुणी विचारील. माझं उत्तर दुहेरी आहे. लाइपझिगच्या त्या काळातल्या वर्गाची बाजू घेण्यात मला स्वारस्य नाही. जिथे नेमून देणं आणि सादर करणं यांच्यामध्ये तपासणारा कुणी नसतो, तिथे वर्ग नावापुरताच असतो. पण ग्रीगची तक्रार नीट वाचली तर ती गृहपाठाविरुद्ध नाही, गृहपाठाला सोबत नसण्याविरुद्ध आहे. आणि सोबत नसतानाही त्या नेमणुकीनं त्याला मोत्झार्ट-बीथोव्हनच्या पानांकडे ढकललं, म्हणजे बीथोव्हन स्वतः ज्या वाटेनं गेला त्याच वाटेकडे. स्मिथ शाळेतून पळाली, तीही जंगलात गेली नाही, दुसऱ्या शिक्षकाकडेच गेली. 1884 मध्ये लाइपझिगमध्येच वाजवलेलं तिचं ओपस 1 हे स्ट्रिंग क्विंटेट आहे.

राव्हेलकडे परत यायचं तर पॅरिसमध्ये एकाच छपराखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या, आणि त्यांची गल्लत हेच नेहमीच्या कहाणीचं मूळ आहे. एक होती परीक्षा. कॉन्झर्व्हेटरीची पारितोषिकं मिळवणं हा वर्गात टिकून राहण्याचा परवाना होता, आणि सगळ्यांत वर ‘प्री द रोम’ ही स्पर्धा, जिच्यासाठी आधी फ्यूग आणि समूहगान, मग अंतिम फेरीत बंद खोलीत बसून लिहिलेली कँटाटा लागत असे. या स्पर्धेत क्वार्टेटला जागाच नव्हती. दुसरी गोष्ट होती गाब्रिएल फोरे यांचा वर्ग. आधीचे शिक्षक मासने सोडून गेल्यावर 1896 मध्ये तो फोरे यांच्याकडे आला. राव्हेल, फ्लोरां श्मिट, शार्ल केक्लँ आणि रुमानियाहून आलेला जॉर्जे एनेस्कू हे तिथले विद्यार्थी. पारितोषिक न मिळाल्यामुळे नियमानुसार राव्हेलला 1900 मध्ये वर्गातून काढलं गेलं, तरी तो फोरे यांच्या वर्गात श्रोता म्हणून बसतच राहिला. ज्याला शाळेनं घालवलं तो तीन वर्षं स्वखुशीनं येऊन मागे बसतो, यातच त्या वर्गाबद्दलची त्याची साक्ष आहे. काउंटरपॉइंट तो आंद्रे गेदाल्ज यांच्याकडे शिकला. आपल्या तंत्राचं श्रेय तो त्यांना देत असे, आणि 1914 मधला पियानो ट्रायो त्यानं त्यांनाच अर्पण केला. क्वार्टेट लिहिताना त्याच्यापुढे नमुना होता तो देब्यूसीच्या 1893 मधल्या क्वार्टेटचा. दोन्ही रचनांत पहिल्या भागातली सुरावट पुढच्या भागांत रूप बदलून येते, दोन्हींत दुसऱ्या भागाच्या आरंभी तारा गजाऐवजी बोटांनी छेडल्या जातात. उतरवून शिकण्याचीच ही पुढची पायरी. फरक एवढाच की उतरवणाऱ्याचा हात आता स्वतःचा झाला होता.

फोरे यांनी या अर्पण केलेल्या रचनेचं काय केलं? कौतुक करून पाठ थोपटली नाही. शेवटचा भाग आखूड आणि तोल गेलेला आहे, असं त्यांचं मत होतं. पाच मात्रांच्या उसळीवर धावणारा हा भाग आज श्रोत्यांना आवडतो, पण पहिल्या भागाची सुबकता त्यात नाही, हे फोरे यांचं म्हणणं मला तरी अगदीच टाकाऊ वाटत नाही. देब्यूसीनं एकही स्वर बदलू नकोस असं राव्हेलला बजावलं, ही गोष्ट वारंवार छापली जाते. ती खरी धरली तरी राव्हेलनं ते ऐकलं नाही, कारण 1910 मध्ये आलेली आवृत्ती त्यानं दुरुस्त केलेली आहे. 1905 मध्ये वयाची मर्यादा गाठत असताना राव्हेलला ‘प्री द रोम’च्या पहिल्याच फेरीत बाद केलं गेलं. अंतिम फेरीत गेलेले सगळे विद्यार्थी एकाच प्राध्यापकाचे निघाले, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, संचालक तेओदोर द्यूबुआ गेले, आणि त्यांच्या जागी आले ते फोरे. परीक्षा हरली आणि वर्ग जिंकला, असं याचं वर्णन करण्याचा मोह मला होतो. तो आवरायला एक तपशील पुरे आहे. जन्मभर चेंबर म्युझिक लिहिणाऱ्या फोरे यांना स्वतःला स्ट्रिंग क्वार्टेटची भीती वाटत होती. बीथोव्हननंतर त्याला हात घालायची धास्ती वाटते, हे त्यांनी पत्नीला कळवलं होतं. त्यांनी ते पूर्ण केलं 1924 मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, मृत्यूच्या सुमारे दोन महिने आधी. जे धाडस शिष्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी केलं ते करायला गुरूला आणखी वीस वर्षं लागली.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: वर्ग सगळ्यांना एकाच साच्यातून काढतो. याला उत्तर व्हिएन्नात मिळतं, आणि तेही अशा शिक्षकाकडून ज्यानं संगीतशाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आर्नोल्ड शोनबर्ग बहुतांशी स्वतःच शिकला. तरुणपणी तो मित्रांबरोबर चेलो वाजवत असे. क्वार्टेटचा पहिला भाग कसा रचायचा हे कळण्यासाठी हप्त्यांनी येणाऱ्या विश्वकोशाचा ‘एस’ अक्षराचा, म्हणजे सोनाटाचा, खंड येईपर्यंत आपण वाट पाहिली, हे त्यानं नंतर गमतीनं सांगितलं आहे. शाळेविना जमतं याचा हा पुरावा मानायचा तर पुढचंही सांगायला हवं. 1897 मध्ये डी मेजरमधलं क्वार्टेट लिहिल्यावर त्यानं ते अलेक्झांडर त्सेम्लिन्स्कीला दाखवलं आणि त्याच्या सांगण्यावरून त्यात मोठे बदल केले. विश्वकोशानं आराखडा दिला, पण खोडायला माणूसच लागला. पुढे शोनबर्ग स्वतः शिकवू लागला. त्याच्याकडे आलेला आल्बान बर्ग फक्त गाणी लिहीत होता. त्याला वाद्यांसाठी एक साधी सुरावटही सुचत नव्हती, ही खोड आपण शिकवून काढली, असं शोनबर्गनं 1910 मध्ये आपल्या प्रकाशकाला लिहिलं. क्रम ठरलेला होता: हार्मनी, काउंटरपॉइंट, फ्यूग, मग व्हेरिएशन्स, मग सोनाटा. नोव्हेंबर 1907 मध्ये विद्यार्थ्यांच्या रचनांचा कार्यक्रम झाला, त्यात बर्गचा तंतुवाद्यं आणि पियानोसाठीचा दुहेरी फ्यूग होता आणि आंटोन वेबर्नचं पियानो क्विंटेट होतं. बर्गनं शिक्षण संपवलं ते 1910 मध्ये लिहिलेल्या ओपस 3 च्या स्ट्रिंग क्वार्टेटनं. वेबर्नचे ओपस 5 चे पाच तुकडे 1909 चे. शिक्षक एक, अभ्यासक्रम एक, वाद्यं तीच चार. बर्गचं क्वार्टेट दोन लांबलचक, दाट, भावनेनं ओथंबलेल्या भागांचं आहे. वेबर्नचे काही तुकडे मिनिट-दोन मिनिटांतच आटोपतात, आणि त्यांतली शांतता स्वरांइतकीच मोजून ठेवलेली आहे. साचा असता तर असं झालं नसतं. कडक शिक्षण माणसामाणसांतला फरक पुसून टाकतं हा समज बोलण्यापुरता ठीक आहे. इथे तर फरक दिसला तोच सगळ्यांना एकच काम दिल्यामुळे.

बहुतेक गृहपाठ सामान्य असतात आणि टाकून दिले जातात, हा तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून मांडला जातो. मला ते वर्णन वाटतं. त्यांचं काम टाकले जाणं हेच आहे. ब्राम्स तर म्हणे पहिलं क्वार्टेट छापण्याआधी वीसेक क्वार्टेट्स नष्ट करून बसला होता, आणि पहिली दोन 1873 मध्ये, चाळिशीत, बाहेर आली. कुणी नेमून न देता त्यानं स्वतःवरच वर्ग लादून घेतला होता.

परीक्षेचा नियम चेंबर म्युझिकच्या आड आला तर विद्यार्थी कोणाला मानतो, याचा एक नमुना 1908 मध्ये दिसला. ‘प्री द रोम’च्या पहिल्या फेरीत दिलेल्या सुरावटीवर गायकांसाठी फ्यूग लिहायचा होता. फोरे यांच्याच वर्गात शिकलेल्या वीस वर्षांच्या नादिया बुलांजेला ती सुरावट वाद्यांची वाटली, आणि तिनं फ्यूग स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहून दिला. सँ-साँससारखे ज्येष्ठ खवळले. अखेर तिला पुढे जाऊ दिलं गेलं आणि दुसऱ्या श्रेणीचं पारितोषिक मिळालं. हा हट्ट बेशिस्तीचा नव्हता. इतकी वर्षं काउंटरपॉइंट घोटल्यावर एखादी सुरावट कंठाची की गजाची हे कानाला कळलं नसतं, तर ते शिक्षण वाया गेलं असतं. याच बाईंनी नंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ पॅरिसमध्ये आरन कोपलंड, एलियट कार्टर, आस्तोर पियाझोला, फिलिप ग्लास अशा एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या शिष्यांना तेच जुने चार आवाजांचे पाठ घालून दिले.

त्या शिष्यांत मुंबईचे वनराज भाटिया होते. आपल्या संगीतपरंपरेत त्यांना या वर्गाची पूर्वतयारी मिळणं शक्य नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत वर्गात आणलं, पण तो गाणाऱ्यांचा वर्ग होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘चतुर’ या मुद्रेनं लक्षणगीतं रचली, रागाची लक्षणं रागातच सांगणारी, म्हणजे शुद्ध वर्गासाठीच्या रचना, पण त्या शिक्षकानं रचल्या, विद्यार्थ्यानं नव्हे. हे उणेपण आहे असं मी म्हणणार नाही. जिथे रचना बैठकीत, गाता गाता, श्रोत्यासमोर वाढते तिथे कागदावरचा खाडाखोडीचा वर्ग लागत नाही, तिथे तालीमच ते काम करते. चार वेगळ्या ओळी एकाच वेळी चालवायच्या तर मात्र कागद आणि खोडणारा हात दोन्ही लागतात. त्यासाठी भाटिया लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि 1950 च्या दशकात पॅरिसला बुलांजे यांच्याकडे. ते चित्रपटांकडे वळले तेव्हा त्या शिक्षणाचा काय उपयोग झाला, असा खोचक प्रश्न कुणी विचारू शकेल. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथेवर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये, 1977 साली, भाटिया यांना नायिकेच्या कारकिर्दीतल्या वेगवेगळ्या दशकांची चित्रगीतं त्या-त्या काळच्या ढंगात रचायची होती. त्यांनी ती इतक्या बेमालूमपणे रचली की त्यांचा मूळ काळ खरा वाटावा. याचं सगळं श्रेय पॅरिसला देणं घाईचं ठरेल. पण दुसऱ्याची शैली स्वर-स्वर उलगडून ती पुन्हा स्वतःच्या हातानं बांधायची, हे काम कोणत्या वर्गात रोज करून घेतलं जात होतं, ते मोत्झार्टची क्वार्टेट्स उतरवणाऱ्या बीथोव्हनपासून आपण पाहिलं आहे.